माझ्यावर खड्डा पडत नाही

मित्रांनो, वय विचाराल तर मी म्हातारा आहे, आणि अंगाकडे पाहाल तर कालपरवाचा. मी तिघांनी बसायचा एक सोफा. ज्याच्या हातून घडलो त्याला आधी मनोमन नमस्कार करतो आणि मग तोंड उघडतो. सोफ्याला कुठलं तोंड, असं म्हणू नका. ज्याच्या मांडीवर बसून सगळं घर बोलतं, त्यालाही कधीतरी बोलावंसं वाटणारच.

आज मी एका मोठ्या दुकानात, रस्त्याकडच्या काचेमागे असतो. पायाशी पाटी आहे : ‘वर्षानुवर्षं घरात वापरलेला, तरी जसाच्या तसा.’ लोक थांबतात, तळवा दाबून बघतात आणि म्हणतात, “वा, याला म्हणतात काम!” त्या प्रत्येक ‘वा’ला माझ्या आतली एकेक स्प्रिंग आवळते. का, तेच सांगायचं आहे.

मला घडवणाऱ्याला सारे गादीकाका म्हणत. अंगाने काडीपैलवान, पण लाकडावर नुसता तळवा फिरवून ते ओलं की वाळलेलं हे सांगणारे. इतर कारागीर सोफा करायचे तो दुकानात शोभावा म्हणून. गादीकाका करायचे तो वर्षं उलटल्यावर कसा दिसेल हे डोळ्यांपुढे आणून. “नवेपणी सगळेच गुटगुटीत,” ते म्हणत. “पोट सुटतं ते नंतर.”

माझी चौकट त्यांनी पुरत्या वाळलेल्या लाकडाची केली. लाकडात लाकूड बसवून खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक कोपऱ्यात तिकोनी ठोकळा दिला, कारण सोफा मोडतो तो कोपऱ्यात. स्प्रिंगा नुसत्या मांडल्या नाहीत. एकेकीला दोऱ्यांनी चारी बाजूंच्या शेजारणींशी बांधलं, म्हणजे एकीवर भार आला की साऱ्या जणी मिळून उचलतील. “घर चालतं ते असंच,” असं म्हणून ते स्वतःशीच हसले. मग फोमचे थर आले, आत घट्ट आणि वर मऊ, आणि त्यांभोवती पिंजलेला कापूस. खोळ मात्र गादीपेक्षा बोटभर लहान बेतली. गादी आत कोंबताना कारागिरांना घाम फुटला.

“काका, माप चुकलं वाटतं!”

“चुकलं नाही रे. कापड आज ताणून धरलं तर उद्या सैल पडत नाही. लाडाने कापडही बिघडतं.”

बैठकीच्या तीन वेगळ्या गाद्या केल्या, दोन्ही अंगांनी सारख्या, म्हणजे त्या उलटता याव्यात, आपसांत जागा बदलता यावी आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जावी. पुढची कड टणक ठेवली, म्हाताऱ्याकोताऱ्याला उठताना आधार म्हणून. हात सरळ, उभे, कडक केले. लोळणाऱ्याला ते बोचावेत, हाच हेतू. गादीकाकांच्या मते सोफा बसायला असतो, आणि लोळणारा माणूस हा सोफ्याचा वैरी.

शेवटचा टाका घालताना ते म्हणाले, “सोफ्याने माणसाला सांभाळावं, पण माणूस उठला की त्याला विसरावं. खड्डा राहिला तर कारागिराची लाज गेली.”

मित्रांनो, हा माझा जन्ममंत्र. आशीर्वाद म्हणूनच दिला होता त्यांनी.

खरं तर मी विकला जाणार होतो, पण काकूंना माझा रंग आवडला आणि मी कारागिराच्याच घरी राहिलो. सुखाचे दिवस होते ते. काकू माझ्या डाव्या अंगाला बसून भाजी निवडत. गादीकाका उजव्या अंगाला बसून माझ्याच गाद्या दाबून बघत. “अहो, घरी तरी त्याला आराम पडू द्या,” काकू म्हणायच्या.

त्यांच्या लेकीला बापाची विद्या चढली होती. गादीकाका तिचा हात धरून शिकवायचे : डोळे मीट, तळवा मधून कडेकडे ने, घाई करू नकोस. कोण एका कुशीवर बसतो, कोण जेवून आडवा होतो, सगळं गादी सांगते. पोर शेजाऱ्यांकडे गेली की त्यांचा सोफा चाचपायची आणि भर बैठकीत विचारायची, “तुमचे काका दुपारी कामाला न जाता इथेच झोपतात ना?” शेजारीण पदर तोंडाला लावून हसायची आणि तिचा नवरा वर्तमानपत्रात तोंड लपवायचा.

मुलाला मात्र यातलं काही आवडलं नाही. त्याला सोफे करायचे नव्हते, विकायचे होते. त्यात वाईट काहीच नाही. बोलायला गोड, हसरा, गिऱ्हाइकाला दारातच जिंकणारा. काकू गेल्या, लेक लग्न होऊन लांबच्या शहरी गेली, आणि धंदा मुलाच्या हाती आला. पहिल्याच वर्षी त्याने तिकोनी ठोकळे बंद केले. मग दोऱ्या बंद केल्या. मग फोम पातळ केला.

“अरे, हा वर्ष-दोन वर्षांत बसेल,” गादीकाका म्हणाले.

“बसायलाच हवा, बाबा! तुमच्या सोफ्यांनी आपला धंदा बसवला. एकदा नेला की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. सोफा कसा हवा? जावयासारखा. अधूनमधून रुसणारा.”

आजूबाजूचे कारागीर हसले. काकाही हसले, कारण न हसावं तर पोराचा पाणउतारा व्हायचा.

पण दुकानावर पाटी लागली ती ‘गादीकाकांची परंपरा’ अशीच. लोक काकांच्या नावावर यायचे. म्हणून मुलाने दारात एक खुर्ची ठेवली. इस्त्रीचा सदरा घालून काकांना रोज तिथे बसवायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, “हे काय, बाबा आहेत ना! त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही सोफा बाहेर जात नाही.” काका मान हलवायचे. नजरेखालून सगळेच सोफे जात होते, खरं होतं ते. नजरेला विचारत कोणी नव्हतं.

हळूहळू दुकानात माल मावेना. कापडाचे तागे घरी आले आणि काकांच्या खोलीत शिरले. आधी भिंतीशी, मग पलंगाखाली, मग पलंगावर.

“कापडाला ओल लागून चालत नाही, बाबा. तुम्हीच शिकवलंत. तुमची खोली कशी खडखडीत कोरडी आहे.”

“बरं. आणि मी?”

“तुम्हाला तुमचा सोफा आहे की! जन्मभर त्याचं कौतुक केलंत. आता उपभोग घ्या.”

सूनबाई हसली नाही. पण घडी घातलेली चादर तिनेच आणून माझ्या हातावर ठेवली आणि खाली मान घालून आत गेली.

मित्रांनो, आता ऐका, माणूस आपल्याच हुशारीवर कसा झोपतो ते. काका उंच, मी आखूड. पाय पोटाशी घ्यावेत तर पुढची टणक कड गुडघ्यांना ढकलायची. पाय सोडावेत तर कडक हात पोटरीत रुतायचा. दोन गाद्यांमधली फट नेमकी कमरेखाली यायची. ज्या ज्या गोष्टीने मी टिकलो, त्या त्या गोष्टीने ते मोडत गेले. मला वाटायचं, एखादा टाका उसवावा, एखादी दोरी सुटावी, या देहाला जरा जागा करून द्यावी. पण त्यांच्या हातचा टाका होता तो, सुटतो कुठला!

सकाळ झाली की मुलगा टाळी वाजवायचा. “उठा बाबा! हा दिवाणखाना आहे, दवाखाना नाही. माणसं तागे न्यायला येतील.” काका उठायचे, एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने चादर काढायचे. मग गाद्यांच्या चेनी उघडून आतला कापूस कोपऱ्यांपर्यंत सारायचे, गाद्या उलटायचे, त्यांच्या जागा बदलायचे, कडांवर थापा मारायचे, आणि शेवटी तळव्याने कापडाची लव एका दिशेला बसवायचे. मी पुन्हा नवा. त्यांची कंबर मात्र रोज थोडी वाकडी. देवाने सगळं जग इतकं निगुतीने घडवलं, पण माणसाला उलटून घालायची सोय काही ठेवली नाही.

असे कित्येक महिने गेले. मग एके दिवशी लेकीचा फोन आला. मुलाने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावून माझ्या हातावर ठेवला.

“अरे, तुमची शेजारीण भेटली होती मला. म्हणाली, तुझे बाबा बाहेरच्या खोलीत झोपलेले दिसतात. खरं आहे का?”

“काय ताई तू! दुपारी जरा पडत असतील. आत त्यांची खोली आहे की.”

“मी रविवारी येते आहे. बाबा सोफ्यावर झोपत असतील तर त्याच दिवशी त्यांना घेऊन जाणार. इकडे खोली रिकामी केली आहे मी. खिडकीशी पलंग टाकलाय.”

“ये की! स्वतःच्या डोळ्यांनी बघ.”

फोन ठेवल्यावर तो बायकोला म्हणाला, “म्हातारा गेला तर दारातल्या खुर्चीवर काय ठेवू? उशी?”

काका तिथेच होते, माझ्या उजव्या अंगाला. तिने डोळ्यांनी खुणावलं तसा तो हसून म्हणाला, “गंमत केली, बाबा.”

त्या दिवसापासून गादीकाकांच्या अंगात हुशारी आली. खिडकीशी पलंग! माझी एक गादी थोपटत ते पुटपुटले, “पोटच्या पोराची तक्रार पोटच्या पोरीकडे करायला माझं तोंड धजायचं नाही. पण मी कशाला बोलू? तिचा हात तिला सांगेल. तू फक्त रविवारी खरं बोल बाबा.”

मी म्हटलं, बोलेन. देवाशपथ बोलेन.

शनिवारी संध्याकाळी घरात नाटकाची तयारी चालावी तशी धावपळ झाली. तागे पलंगावरून उतरले आणि गच्चीवर ताडपत्रीखाली गेले. पलंगावर स्वच्छ पलंगपोस आला. उशाशी काकांचा चष्मा, गोळ्यांची डबी आणि पाण्याचा तांब्या ठेवला गेला. मग मुलगा माझ्यापाशी आला, मला बोटाने टोचून म्हणाला, “ताईला ती सवय आहे, गाद्या चाचपायची. उद्या सकाळी हा नीट झटकून ठेवा हं, बाबा.” आणि झोपायला? झोपायला माझ्यावरच. पलंगपोस चुरगळला असता ना!

रविवारी सकाळी काका उठले. चादर काढली, घडी केली. माझ्या गाद्यांना हात लावला नाही. जिथे कंबर होती तिथे खोलगट, जिथे खांदा होता तिथे खोलगट, मधल्या फटीशी कापूस गोळा झालेला. आंधळ्यालाही कळावं, इथे एक माणूस रोज मोडतो आहे. मी जीव मुठीत धरून तो खड्डा धरून बसलो.

काका तोंड धुऊन आले, समोरच्या खुर्चीत बसले. मुलगा अंघोळीला गेला होता, सूनबाई स्वयंपाकघरात होती. पडदा सरकवलेला होता आणि ऊन तिरपं, जमिनीला धरून आत येत होतं. मित्रांनो, तिरपं ऊन मोठं दुष्ट असतं. ते प्रत्येक खळगा सावलीने भरून दाखवतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं. उठून आत गेले, परत आले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मी ती ओळखत होतो. कारखान्यात कुणाचं काम बिघडलं की पडायची ती.

“असं?” ते हलकेच म्हणाले. “पोर इतक्या लांबून येणार, आणि माझ्या हातचा सोफा तिला असा दिसणार?”

मी मनात ओरडत होतो, काका, नका! आजचा दिवस नका!

“निदान ती कड,” ते म्हणाले आणि कडेवर एक थाप मारली. एकच मारायची होती त्यांना. पण कड उचलली गेली तसा मधला खळगा जास्तच दिसू लागला. मग चेन उघडली. कापूस सारला. मग एक गादी उलटली, तर दुसरी तिच्याशी जुळेना. हात एकदा कामाला लागले की ते हात राहत नाहीत, कारागीर होतात. मी सारा जोर लावून तो खळगा धरून ठेवू बघत होतो. पण तसं मला घडवलंच नव्हतं ना! त्यांनी थोपटलं आणि मी विसरलो. लव एका दिशेला बसली. ऊन माझ्यावरून घसरून गेलं, त्याला अडकायला काही उरलं नाही.

मुलगा डोकं पुसत बाहेर आला. बघतच राहिला.

“वा! बाबा, तुमचा हात म्हणजे हात.”

तेव्हा काकांना कळलं. गादीवरचा हात उचलून ते दोन पावलं मागे सरले. पण तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

लेक आली ती वादळासारखी. बूट न काढता आत आली, बापाला मिठी मारली, भावाला म्हणाली, “तू जरा गप्प बस,” आणि थेट माझ्यापाशी. गुडघे टेकले, डोळे मिटले, तळवा मधून कडेकडे नेला. घाई केली नाही. एक गादी उलटली, दुसरी उलटली. दोन्ही अंगं सारखी. फटीत बोटं घातली. उभ्या हातांवर गाल टेकून वास घेतला. सूनबाईने सकाळीच ते पुसून काढले होते. मी त्या तळव्याखाली तडफडत होतो, आणि तिला लागत होता तो नुसता माझा ताठपणा.

तिने डोळे उघडले. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला होता.

“यावर कुणी झोपत नाही,” ती म्हणाली, आणि हसली, आणि रडलीही. “बाबा, काय काम आहे हो तुमचं! इतक्या वर्षांनी एक खळगा नाही. सासरी एवढे सोफे बघते मी, असा एक नाही.”

मित्रांनो, किती वर्षांनी कुणीतरी जाणत्याने त्यांच्या कामाला चांगलं म्हटलं होतं! दारातल्या खुर्चीवर बसवून रोज त्यांचं नाव विकलं जाई, पण काम कुणी तळव्याने वाचलं नव्हतं. काकांचे डोळे भरले. ओठ हलले, आणि त्यांवर हसू आलं. खरं हसू. त्याच क्षणी तिने विचारलं, “आत बरं आहे ना, बाबा? तुमच्या तोंडून ऐकू दे.”

मुलगा तिच्या मागेच उभा होता, टॉवेल खांद्यावर, हसतमुख.

आता सोफा एक सांगत असताना कारागिराने दुसरं कसं सांगावं?

“बरं आहे,” काका म्हणाले.

तिने भावाचे हात धरले. “माफ कर रे. भलतंसलतं मनात आणलं मी.”

“चालायचंच, ताई. बापाची काळजी कुणाला नसते?”

दिवसभर ती आनंदात होती. निघताना दारात म्हणाली, “ती खोली मग मी नणंदेच्या मुलाला देऊन टाकते, बाबा. कधीचा मागे लागलाय. उगाच रिकामी कशाला ठेवायची?”

“हो, हो. रिकामी कशाला?” काका म्हणाले, आणि ती वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिले.

तागे दिवे लागायच्या आत पलंगावर परतले.

दुसऱ्या दिवशी मुलाला कल्पना सुचली. “ताईसारखी पारखी बाई फसली, तर गिऱ्हाईक काय चीज आहे!” मला उचलून दुकानात आणलं, काचेमागे ठेवलं, ती पाटी लावली. घरी माझ्या जागी त्याच्या कारखान्यातला नवा सोफा गेला. पातळ फोमचा, बिनठोकळ्यांचा.

तो काही महिन्यांतच परत आला, नवा फोम भरायला. माझ्या शेजारीच टेकवला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझं लाकूड थंड पडलं. त्याच्यावर अख्खा माणूस उमटला होता. डोकं, खांदा, वाकडी कंबर, पोटाशी घेतलेले पाय. थापा मारूनही न उठणारा. बिचाऱ्या त्या हलक्या सोफ्याने सगळं खरं खरं धरून ठेवलं होतं, पण ते वाचणारा हात आता येणार नव्हता.

एक कारागीर हसत म्हणाला, “साहेब, यावर कोण झोपतं हो?”

“कुत्रा,” मुलगा म्हणाला. “मोठा आहे आमचा.”

दारातल्या खुर्चीवर इस्त्रीचा सदरा हलला नाही. दुपारपर्यंत नवा फोम भरून झाला.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. मुलाने उचलला, दोन शब्द गोड बोलला, आणि फोन बापाच्या कानाशी धरून स्वतः तिथेच उभा राहिला. “बोला बाबा. ताई विचारते, कसे आहात?”

“बरं आहे,” काका म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारखे सोफे आपल्या कहाणीच्या शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला उन्हात ठेवू नका, आमच्यावर उड्या मारू नका, आठवड्यातून एकदा गाद्या उलटा. करा तेही, पुण्य लागेल. पण माझं मागणं वेगळं आहे. कुणा म्हाताऱ्या माणसाची खुशाली विचारायला गेलात, तर घराकडे बघून ती ठरवू नका. आमच्यासारख्या वस्तूंची साक्ष काढू नका. आम्हाला चांगलं दिसायलाच घडवलेलं असतं. आणि जो त्याला जेवू घालतो, त्याच्या देखत विचारू नका. त्याचा हात धरा, त्याला घराबाहेर काढा, रस्त्याच्या टोकापर्यंत हळूहळू चालवत न्या. तिथे थांबून विचारा. पहिल्यांदा तो “बरं आहे” म्हणेल. तेव्हा परत फिरू नका. तिथेच उभे राहा.